अवताराला शरीर नसते म्हणे!

विद्यार्थ्यांचे गटप्रकल्प आभासी जगात करून घ्यायचे, ही टूम आता आपल्या महाविद्यालयांपर्यंत येऊन पोहोचली आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, प्रत्येकाने एक अवतार घ्यायचा आणि पाच-सहा अवतारांनी मिळून एखादी इमारत, एखादी बाजारपेठ उभी करायची. मला यात मुळात वाईट काही दिसत नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तिथे बोलू लागते, हे मी पाहिले आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला तिथे जिना आडवा येत नाही. माझे भांडण आहे ते या योजनेबरोबर फुकट वाटल्या जाणाऱ्या एका वाक्याशी: 'तिथे शरीरच नसते, तेव्हा स्त्री-पुरुष भेदही नसतो.' हेडसेट विकायला येणारा तरुण हे म्हणतो, प्राचार्य म्हणतात, आणि एकदा ते म्हटले की पुढचे सगळे प्रश्न बाद!

हे वाक्य खोटे आहे हे कळून तीस वर्षे उलटली. लॅम्डामू नावाचे एक आभासी जग १९९० पासून कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या संगणकावर चालत असे. त्यात चित्रेसुद्धा नव्हती, नुसती अक्षरे. १९९३ साली 'मिस्टर बंगल' असे नाव घेतलेल्या एकाने तिथल्या भरल्या दिवाणखान्यात एक प्रोग्रॅम चालवला आणि इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या मर्जीविरुद्ध, किळसवाणी लैंगिक कृत्ये 'करवली'. म्हणजे तशी वाक्ये सगळ्यांच्या पडद्यावर त्यांच्या नावाने उमटत राहिली. ज्युलियन दिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ही हकीकत लिहिली. त्यातल्या एका पात्रामागची सिॲटलची बाई नंतर निषेध लिहीत असताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आणि हा मिस्टर बंगल आत शिरत होता कुठून? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संगणकावरून! त्याचे काय करावे यावर तिथल्या रहिवाशांनी सभा घेतली. सभेत काहीच ठरले नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने एकट्याच्या अधिकारात त्याला हद्दपार केले. तक्रार कुठे करायची, हे आधी कुणी ठरवलेलेच नव्हते.

पुढे तंत्र बदलले. २०२१ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या होरायझन वर्ल्ड्समध्ये, ते सर्वांना खुले होण्याआधीच, चाचणीला गेलेल्या एका बाईने आपल्या अवताराला चाचपले गेल्याची तक्रार केली. बाकीचे बघत होते, साथ देत होते, असेही तिने लिहिले. कंपनीने चौकशी करून काय म्हणावे? तिने 'सेफ झोन'ची सोय वापरायला हवी होती! मैत्रिणींनो, ओळखीचे वाटते ना? ती तिथे गेलीच कशाला, ओढणी नीट का नव्हती, ओरडली का नाही. जग आभासी, उत्तर मात्र आपल्या गल्लीतले. बोभाटा झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने दोन अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर आपोआप राहील अशी सोय केली. म्हणजे ते आधीही करता आले असते.

आता आमच्याकडचे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका गटाला प्रकल्प दिला होता: तालुक्याच्या एसटी स्थानकाची नवी रचना. चार मुलगे, दोन मुली. मुलग्यांनी कंट्रोलर हातात घेतले ते सोडलेच नाहीत. मुलींकडे काय आले? बैठकांची टिपणे, वेळापत्रक, शेवटचा अहवाल. शरीर नसलेल्या जगातसुद्धा चहा मुलींनीच करायचा! स्थानक झाले झकास. काचेचे छप्पर, मोबाइल चार्ज करायच्या जागा, फलाटावर झाडे. स्वच्छतागृह मात्र नव्हते. बायकांचे नव्हते, पुरुषांचेही नव्हते. अवताराला लघवी लागत नाही, मग आठवणार कुणाला? रोज पस्तीस किलोमीटर एसटीने येणाऱ्या मुलीला आठवले. तिने सांगितले तेव्हा एकजण हसून म्हणाला, "ते शेवटी टाकू कोपऱ्यात." मुंबईतल्या बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी'ची मोहीम चालवली ती याच कोपऱ्यावरून.

याच मुलीच्या अवतारापुढे दुसऱ्या गटातला एक अवतार येऊन उभा राहू लागला. आधी खेटून, मग थेट तिच्या अवताराच्या आत. हेडसेट घातल्यावर हे 'चित्र' राहत नाही. कुणीतरी आपल्या तोंडाशी आले आहे असेच वाटते, आणि तसे वाटावे म्हणूनच तर ते यंत्र बनवले आहे! हृदयाचा नमुना दाखवताना म्हणायचे की अनुभव अगदी खरा, आणि मुलीने तक्रार केली की म्हणायचे हे सगळे खोटे, मनावर घेऊ नकोस. दोन्ही कसे चालेल? तिने सरांना सांगितले. सर म्हणाले, "मग हेडसेट काढून ठेव की." पण तिथल्या उपस्थितीला गुण होते. तेव्हा तिने स्वतःच उपाय शोधला, मुलग्याचा अवतार आणि मुलग्याचे नाव घेतले. त्रास थांबला. एवढेच नव्हे, इतर गटांतली मुले तिच्या सूचना ऐकून घेऊ लागली. विभागाच्या अहवालात हे 'तंत्रज्ञानामुळे विद्यार्थिनींचे सक्षमीकरण' म्हणून नोंदले गेले. बाईने पुरुषाचे सोंग घेतल्यावर तिला माणूस म्हणून वागवतात, ही काय समता झाली?

तक्रार समितीतल्या एका सदस्याचे म्हणणे पडले की, ही घटना आवारात घडलेलीच नाही, सबब ती आपल्या कक्षेत येत नाही. इथे मात्र गप्प बसून चालणार नाही. भंवरीदेवीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला, त्यानंतरच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कायदा. विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी २०१५ चे म्हणून जे विनियम काढले, त्यांत 'आवार' या शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. क्षेत्रभेट, अभ्याससहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, जाण्यायेण्याचे वाहनसुद्धा आवारच. महाविद्यालयाने पाठवले म्हणून विद्यार्थिनी जिथे गेली, तिथली जबाबदारी महाविद्यालयाची, हा त्यामागचा सरळ विचार. मग ज्या जगात जाण्याची सक्ती केली, हजेरी घेतली, गुण दिले, ते आवार नाही? बसमध्ये घडले तर आवार आणि हेडसेटमध्ये घडले तर हवा?

आणि पुरावा? तो कंपनीच्या यंत्रात. कोण कुठे उभा होता याची नोंद तिथे असली तरी महाविद्यालयाच्या हाती काही नाही, कारण करार करताना ती मागण्याचे कुणाच्या डोक्यात आले नाही. घर दुसऱ्याच्या नावावर असले की काय होते ते आपल्याला नव्याने सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून बायकांनी उगाच मोर्चे काढले नाहीत. सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ मध्ये सुरू झाले, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी तिथे बेटे घेतली. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठ समूहाने आपल्या सोळाही संस्थांसाठी घेतली. ऑक्टोबर २०१० मध्ये मालक कंपनी लिंडन लॅबने शिक्षणसंस्थांची निम्म्या दराची सवलत बंद करत असल्याचे जाहीर केले आणि अनेकांना गाशा गुंडाळावा लागला. २०१३ मध्ये सवलत परत आली खरी, पण घरमालक कोण हे तोवर सगळ्यांना कळले होते.

हेडसेटचे मापही बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना मळमळ जास्त होण्याचे मुख्य कारण सापडले ते हे की, दोन बाहुल्यांमधले अंतर यंत्रात जुळवता येते ते अनेक बायकांच्या डोळ्यांशी जुळतच नाही. मुली मात्र स्वतःलाच नाजूक समजून बसतात.

पुढच्या सत्राच्या प्रकल्पांची यादी जूनमध्ये लागते. त्याआधी मी समितीला पत्र दिले आहे: आभासी वर्ग आवारात धरल्याचा लेखी ठराव करा, कंपनीशी होणाऱ्या करारात नोंदी मिळण्याचे कलम घाला, जिला तिथे जायचे नाही तिला गुण न कापता वेगळे काम द्या, आणि विनियमांप्रमाणे समितीवर जे तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यायला हवेत ते आधी निवडा. आमच्याकडे ती निवडणूक अजून झालेली नाही. तुमच्या महाविद्यालयात असे प्रकल्प सुरू असतील तर तिथल्या समितीने काय ठरवले आहे ते विचारा, आणि मिळालेले उत्तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. उत्तर मिळाले नाही, तर तेही कळवा.