विद्यापीठात वडील नोकरीला, म्हणून प्रवेश पक्का?

पोलादपूर : आई-वडील विद्यापीठात नोकरीला असले, की मुलांचा प्रवेश सुकर होतो, हा समज जुना आहे. त्यात तथ्य किती, हे विद्यापीठागणिक बदलते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात २०१८ मध्ये उघड झालेली आकडेवारी बोलकी होती. प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या अर्जदार पाल्यांपैकी सुमारे ४७ टक्के निवडले गेले. एकूण अर्जदारांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. दिल्ली विद्यापीठात तर कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी स्वतंत्र कोटाच आहे. बांगलादेशातील राजशाही विद्यापीठाला असा कोटा विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे जानेवारी २०२५ मध्ये रद्द करावा लागला.

पोलादपूरकरांना जवळचे लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथील अभियांत्रिकी पदवीचे प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, गुणवत्तेनुसार होतात. वडिलांच्या नोकरीला त्या यादीत रकाना नाही.

खरा लाभ यादीबाहेरचा आहे. पसंतीक्रम कसा भरावा, जात पडताळणीचा अर्ज कधी करावा, मुदत केव्हा संपते, हे अशा घरांत जेवतानाच कानावर पडते. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवर मात्र एका दाखल्याअभावी हक्काची राखीव जागा हुकू शकते. कोटा एका आदेशाने रद्द होतो. माहितीची ही दरी बुजवायची, तर तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीपासूनच प्रवेशाचे मार्गदर्शन मिळायला हवे.