गोळी हरली, पोर नव्हे

दिवाळीत नातेवाईक जमले, की फराळाच्या ताटाभोवती घिरट्या घालणारे, क्षणभर जागेवर न टिकणारे एखादे पोर सर्वांच्या डोळ्यांत भरते. मग कोणीतरी त्याच्यादेखत म्हणते, "एवढे औषध चालू आहे, पण काडीचा फरक नाही हो!" पोर ते ऐकते. माझे भांडण या वाक्याशी आहे. त्यात औषधाचे अपयश मुलाच्या खात्यावर मांडलेले असते.

मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. आणि हा अपराध मीही केला आहे. चार वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला : 'औषधोपचार असूनही सुधारणा नाही.' ज्या अवधानाच्या विकाराला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्यावर त्याला मेथिलफेनिडेटची गोळी चालू होती. आईने मुकाट्याने सही केली. पुढे डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला, "गोळी किती वाजता देता?"

"सकाळी सातला. मग मी कामावर जाते."

आमची शाळा दुपारी बाराची! त्या साध्या गोळीचा अंमल जेमतेम तीन-चार तासांचा. पोर माझ्यासमोर बसे, तेव्हा तो केव्हाच उतरलेला असे. डॉक्टरांनी वेळ बदलली, तेव्हा पुष्कळ फरक पडला, सगळा नाही. उरलेल्याचे मूळ वाचनात निघाले. अक्षरे जुळवणेच त्याला जड जात होते. त्यावर गोळी नाही. त्यावर शिकवणे आहे, आणि ते माझे काम होते.

सर्वांना एकच औषध लागू पडते, असे कोणी कधी सिद्ध केलेले नाही. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले, तेव्हा अभ्यासात ठळक सुधारणा १४ जणांत दिसली. बाकीची मुले काय नालायक होती?

गोळी लागू पडली नाही, तर तो निकाल नव्हे, प्रश्न आहे. मात्रा योग्य आहे का? वेळ? झोप पुरते का? कानाने नीट ऐकू येते का? निदान बरोबर आहे का? मनात कसली भीती आहे का? दुसरे औषध आहे का? हे प्रश्न डॉक्टरांपुढे न्यावेत. घरच्या घरी मात्रा वाढवणे किंवा औषध बंद करणे, हे दोन्ही उद्योग करू नयेत.

"दोन धपाटे घाला, सुधारेल," म्हणणारे काका आणि "औषध चालू आहे ना, मग आमचे काम संपले," म्हणणारे आम्ही शिक्षक, यांत मला फारसा फरक दिसत नाही. साठ मुलांच्या वर्गात एकाकडे कुठवर बघायचे, ही तक्रार खरी आहे. मीही ती करतो. पण त्याला पुढच्या बाकावर बसवायला, एका वेळी एकच सूचना द्यायला, दहा गणितांऐवजी आधी तीन द्यायला आणि मध्येच खडू आणायला पाठवायला सरकारी परिपत्रक लागत नाही.

सगळे करूनही काही मुले चुळबुळीच राहतील. राहू द्यात. यंदा फराळाला बसताना त्यांच्या औषधाची चौकशी मात्र नको. एक करंजी हातावर ठेवा आणि विचारा, "काय रे, किल्ला केलास की नाही?"

बघा, किती वेळ बोलतो ते!