बर्फावर जाण्यापूर्वी

मागल्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही परतलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या पत्नीसह आमच्या ओसरीवर वाट पाहत बसलेले दिसले. जवळ एक मोठी पिशवी होती. त्यांची कन्या बेळगावच्या एका महाविद्यालयात शिकते. येत्या जानेवारीत ती काश्मिरातील गुलमर्ग येथे स्की शिकण्याच्या वर्गास जाणार आहे. त्या घरातून बर्फावर पाऊल ठेवणारी ती पहिलीच.

पिशवीतून प्रथम निघाले ते एक लालचुटुक, फुगीर जाकीट. गृहस्थ म्हणाले, "फादर, पोरीला थंडी बाधू नये म्हणून बाजारातलं भारीतलं घेतलं. दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे गेले. बरोबर केलं न्हवं?"

आम्ही तांब्यातले ओंजळभर पाणी जाकिटाच्या बाहीवर ओतले. थेंब होऊन ते घरंगळले नाही; पाहता पाहता आत मुरले. माउलीचा चेहरा उतरला. जाकिटाखाली सुती बनियनी होत्या, जाड जीनची विजार होती, आणि "दोन-दोन जोड चढवता येतील" म्हणून घेतलेले सहा जोड सुती पायमोजे होते. सारे काही मायेने घेतलेले. परंतु त्यांतील एकही वस्तू उतारावर उपयोगी पडणारी नव्हती. अलीकडे आपल्या गावांतील मुलेमुली अशा वर्गांस व सहलींस हिमालयात जाऊ लागली आहेत. म्हणून त्या उभयतांस जे सांगितले, तेच आज सर्व वाचक कुटुंबांस सांगावे असे आम्ही ठरविले.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत माणसांस नेतो. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली व दुसरा २००५ साली सुरू झाला. आपल्या बेळगाव भागास ही जागा अगदीच अनोळखी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास आहे, आणि १९४८ साली भारतीय सैन्याने आपली स्कीची शाळा काढली ती गुलमर्गलाच. पुढे तीच हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. काश्मिरात हिवाळे काढून आलेले एक निवृत्त हवालदार आमच्या धर्मग्रामात आहेत. ते नेहमी म्हणतात, "फादर, बर्फात माणसाला थंडी गाठत नाही, घाम गाठतो."

या वाक्यातच पोशाखाचे सारे शास्त्र आले आहे. स्की करणारा माणूस सतत श्रम करीत असतो; त्यास घाम येतो. सुती कापड तो घाम शोषून धरून ठेवते, लवकर वाळत नाही, आणि मग ओले कापड अंगाची ऊब ओढून घेते. पावसाळ्यात दोरीवरचा सुती पंचा चार दिवस ओलाच राहतो, हे आपल्या घरांत कोणास ठाऊक नाही? उलट आपला धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा असतो. घोंगडी भिजते, जड होते, तरी ऊब सोडीत नाही. लोकरीचा हा गुण आपल्या पूर्वजांस पुस्तकांवाचून कळला होता. तेव्हा अंगास लागून असणारा पहिला कपडा सुती नसावा, जीनची विजार तर मुळीच नसावी. तेथे बारीक लोकरीचे किंवा चटकन वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे, अंगास बसणारे कपडे घालावेत.

त्यावर दुसरा थर उबेचा: लोकरीचा स्वेटर किंवा ज्यास बाजारात फ्लीस म्हणतात ते. तिसरा थर वारा व पाणी अडविणारा. हे वरचे जाकीट व विजार घेताना त्यावरील चिठ्ठी वाचावी. पाण्याचा केवढा उंच स्तंभ ते कापड सोसू शकते, हे तेथे मिलिमीटरांत लिहिलेले असते. १०,००० हा आकडा असल्यास नवशिक्यास पुरे. नुसत्या पिसांचे फुगीर जाकीट कोरड्या थंडीत उत्तम, पण भिजले की गोळा होऊन बसते. एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ घ्यावेत, कारण घाम येऊ लागला की एक काढता येतो व थांबलो की पुन्हा घालता येतो.

आता पायांकडे वळू. आम्ही त्या गृहस्थांस म्हणालो, "पैसा थोडा असेल तर तो जाकिटावर नव्हे, पायावर घाला." स्कीच्या साऱ्या सामानात बुटाचे महत्त्व पहिले. त्याचे कवच टणक असते; आपल्या वहाणेप्रमाणे ते चार दिवसांत पायाच्या आकाराचे होत नाही. त्याचे माप सेंटिमीटरांत, पावलाच्या लांबीवरून ठरते. टाच भिंतीस लावून उभे राहावे आणि अंगठ्यापर्यंतचे अंतर मोजावे. बूट घालून सरळ उभे राहिल्यास बोटे पुढे निसटती टेकावीत. गुडघे वाकवून पुढे झुकताच ती किंचित मागे यावीत, आणि टाच मात्र जागची हलू नये. तसाच बूट पायांत ठेवून पाव तास उभे राहावे. नवशिक्याने फार कडक बूट घेऊ नये.

पायमोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. दोन जोड चढविल्याने पाय गरम राहत नाहीत. घड्या पडून ते सोलवटतात आणि बूट आवळल्यामुळे रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. पाय गार पडतात ते त्यामुळेच. आतल्या विजारीची कड देखील बुटात जाऊ देऊ नये.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान असावी; लांब स्की वेगाने पळते व वळत नाही. काठीचे माप सोपे आहे. काठी उलटी धरून तिच्या चकतीखाली मुठीत घ्यावी. कोपर काटकोनात आले म्हणजे माप बरोबर.

परंतु ज्या वस्तूविषयी आम्हांस आज विशेष लिहावयाचे आहे, ती दिसावयास लहान आहे. बूट व स्की यांस जोडणाऱ्या चापास बाइंडिंग म्हणतात. पूर्वी पाय त्यात जखडलेलाच राही, आणि माणूस पडला की हाड मोडे. १९३७ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात ह्याल्मार व्हाम या मूळच्या नॉर्वेच्या स्कीपटूचा पाय मोडला. त्यावरून त्यास पडताच पाय मोकळा करणारा चाप सुचला. आजचे बाइंडिंग त्याच तत्त्वावर चालते. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की पुढून बाजूस आणि मागून वर, असे ते सुटते.

ती मर्यादा एका आकड्याने ठरविली जाते. जाणकार माणूस वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य विचारून, तक्ता पाहून, तो आकडा लावून देतो. बुटाचा तळ तो स्वतः मोजू शकतो. कौशल्याविषयी मात्र त्यास आपल्या शब्दावरच विसंबावे लागते. आकडा अधिक लागला, तर पडताना पाय सुटत नाही. कमी लागला, तर ऐन वळणावर स्की निसटते.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. उच्च शिक्षणासाठी आम्ही काही वर्षे ऑस्ट्रियातील इन्सब्रुक नगरीत होतो. १९६४ साली भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपिकपटू जेरेमी बुजाकोव्स्की जेथे उतरला, ते हेच शहर. तेथे हिवाळ्यात लहान पोरेही स्कीवर असतात. तीन सुट्ट्यांत जेमतेम उभे राहण्यास शिकल्यावर आम्ही मित्रांसमवेत भाड्याचे सामान घेण्यास गेलो. दुकानदाराने विचारले, "कितपत येते?" मित्र शेजारीच उभे होते. आम्ही म्हणालो, "चांगले येते." त्याने शब्दावर विश्वास ठेवून आकडा वाढवून दिला. त्याच दुपारी एका साध्या उतारावर तोल गेला. अंग एकीकडे वळले, स्की दुसरीकडे, आणि चाप काही सुटला नाही. गुडघा पिरगळला, आणि सहा आठवडे आम्ही कुबड्यांवर काढले. त्यात दोष दुकानदाराचा नव्हता, चापाचाही नव्हता. एका लहानशा बढाईची ती किंमत होती. आजही पावसाळा लागला की तो गुडघा आम्हांस त्या उत्तराची आठवण करून देतो.

मुलामुलींनो, तेथे कोणी तुम्हांस विचारले, तर "मला काही येत नाही" असे म्हणण्यास लाजू नका. वजनही खरे सांगा. घरी साखरेच्या पोत्याच्या काट्यावर केले तरी चालेल. आणि बाइंडिंगचा स्क्रू स्वतः कधीही पिळू नका. चाप बरोबर लावला तरी तो गुडघ्याचे पूर्ण रक्षण करीत नाही, म्हणून उतारही आपल्या शक्तीचाच निवडा.

राहिले डोके, डोळे व हात. हेल्मेट कपाळास घट्ट बसावे, डोके हलविल्यास मागेपुढे होऊ नये. त्याखाली जाड कानटोपी घालू नये. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि दर १,००० मीटर उंचीमागे हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. म्हणून ढगाळ दिवशीही चांगला गॉगल हवा, तोंडास मलम हवे. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत वेदना होतात. हातमोजे पाणी न शिरणारे असावेत. चार बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात. लोंबता मफलर किंवा ओढणी पाळण्यात व यंत्रात अडकते. त्याऐवजी गळ्यास नळीसारखा पट्टा घालावा.

हे सारे विकत घ्यावे काय? मुळीच नाही. स्की, बूट, काठ्या बहुधा शिकविणारी संस्थाच देते, अथवा तेथे भाड्याने मिळतात. वरचे जाकीट व विजारही मिळते. कुटुंबाने विकत घ्यावेत ते अंगास लागणारे दोन जोड, योग्य पायमोजे, हातमोजे आणि गॉगल. एवढ्यात पहिला हिवाळा निभावतो.

आमचे बोलणे होईपर्यंत कन्याही येऊन पोचली. जाकीट तिने पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले व म्हणाली, "बाबा, हे रात्री खोलीत घालीन, वाया जाणार नाही." आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिने आमच्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर आपले वजन, उंची, पावलाचे माप लिहिले. शेवटच्या ओळीपाशी ती थोडी थांबली, मग हसून तिने लिहिले, "अनुभव: काहीच नाही."

तो कागद ती बरोबर नेणार आहे.