गटारीच्या आधी वाचा!

पिंप्राळ्यातल्या सर्वांना नमस्कार. गळ्यात माळ असलेल्यांना, रविवारी रस्सा लागतोच अशांना, अंडं चालतं पण कोंबडी नको म्हणणाऱ्यांना, आणि ज्यांच्या घरात कांदा-लसूणही शिरत नाही त्यांनासुद्धा. पत्रक चौघांसाठी आहे आणि चौघांनाही थोडं टोचेल.

आषाढीचा रथ झाला. त्याच एकादशीला घराघरांत भगर आणि साबुदाणा शिजला. आता दीप अमावास्या येते आहे, म्हणजे बोलीभाषेत गटारी. श्रावण लागण्याआधी सगळं उरकून घ्यायचं म्हणून चिकनच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतील. या दोन दिवसांच्या मधली वेळ आम्ही मुद्दाम निवडली आहे.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. ब्रॉयलर कोंबडी साधारण 35 ते 42 दिवसांत दोन किलोची होते आणि कापली जाते. म्हणजे वटपौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी हॅचरीत जे पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, ते रथाच्या दिवशी तीन आठवड्यांचं होतं आणि गटारीला सहा आठवड्यांचं होईल. कोंबडीचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असू शकतं. आपण कापतो ते वजनाने कोंबडी आणि वयाने पिल्लूच असतं. दुकानातल्या जाळीजवळ कान दिलात तर आवाजही पिल्लाचाच येतो. आपण एकादशी पाळली तेव्हा त्याचं अर्धं आयुष्य संपलेलं होतं.

हा वेग निसर्गाचा नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1957 सालच्या जातीची आणि 2005 सालच्या जातीची पिल्लं एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवली. 56 व्या दिवशी जुन्या जातीचा पक्षी 900 ग्रॅमच्या आसपास भरला आणि नवा 4 किलो 200 ग्रॅम. छातीचं मांस वाढवताना पाय आणि हृदय मागे पडतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात शेडमधले कित्येक पक्षी फार चालत नाहीत, तुसावर बसून राहतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ओली पोती आणि फॉगर लावूनही मरतूक होते. शेडवाल्याला विचारा, तो आकडा सांगेल. त्याच्या वहीत तो खर्चाच्या खाली लिहिलेला असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर अर्धे लोक इथेच कागद खाली ठेवतील. हे शाकाहाराच्या प्रचाराचं पत्रक नाही. आपल्याकडे तो प्रचार कोण कोणाला करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घर भाड्याने देताना 'फक्त शाकाहारी' अशी पाटी लावतात तेव्हा विचारायची असते जात. कोंबडीच्या दुःखाशी त्या पाटीचा काडीचा संबंध नसतो. कोणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाला वर-खाली कसं लावलं गेलं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात मांडून ठेवलं आहे. ती शिडी आम्हाला पुन्हा उभी करायची नाही. पत्रक काढणाऱ्या आमच्यापैकी काही मांस खातात, काही खात नाहीत. साक्रीकडचे ठेलारी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, सातपुड्यातला पावरा चार शेळ्या आणि दहा कोंबड्या राखतो. त्यांना नीतीचे धडे द्यायची आमची लायकी नाही. त्यांचं जनावर मरण्याआधी जगलेलं तरी असतं.

आमचा प्रश्न ब्रॉयलरच्या शेडचा, अंड्यांच्या पिंजऱ्याचा आणि तिथून निघणाऱ्या स्वस्ताईचा आहे. आणि त्यात शाकाहारी मंडळीही पाहुणी नाहीत.

अंड्याचं बघा. 'आम्ही फक्त अंडं खातो, जीव नाही मारत,' असं म्हणणारे घरोघरी भेटतात. अंडी देणाऱ्या जातीच्या पिल्लांत निम्मे नर निघतात. ते अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी वाढवणं परवडत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने ही पद्धत 2022 पासून कायद्याने बंद केली. मादी उरते, तिची चोच तापलेल्या पात्याने छाटतात, कारण दाटीत कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात. मग ती पिंजऱ्यात जाते. हे पत्रक ए-फोर कागदावर छापलं आहे. त्याचा एक चतुर्थांश भाग मागे दुमडा. उरला त्याहून किंचित कमी, साधारण 450 चौरस सेंटीमीटर, एवढी जागा तिच्या वाट्याला येते. त्यात पंख पसरत नाहीत, मातीत अंग घोळता येत नाही, आडोसा शोधून अंडं घालता येत नाही. वर्षभराहून जास्त काळ ती तारेवर उभी राहते. अंडी कमी झाली की 'कल' म्हणून स्वस्तात विकली जाते.

दुधाचंही तेच, फक्त सावकाश. म्हशीला नर रेडकू झालं तर त्याचं काय होतं, हे खेड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला पुरेसं दूध पाजत नाहीत, आणि चार-सहा आठवड्यांत ते 'आपोआप' मरतं. गाईच्या बाबतीत, 2015 पासून राज्यात गोऱ्ह्याच्या आणि बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली. शेतात ट्रॅक्टर आला तसा बैल घटला, विकता येत नाही आणि पोसवत नाही, मग रात्री कोणाच्या तरी शिवारात सोडून दिला जातो. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लावायला मात्र आपण विसरत नाही. कायद्याने सुरीपासून वाचवलं. उपाशी मरण्यापासून कोण वाचवणार, ते कायद्यात नाही.

खान्देशाने या धंद्याचा जाळ अंगावर घेतलेला आहे, आणि तरी विसरलेला आहे. कोंबड्यांमधला बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो नवापुरात. 18 फेब्रुवारी 2006 रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून तो जाहीर झाला. नवापूर हे पोल्ट्रीचं गाव. शेडला शेड लागून, एकेका शेडमध्ये हजारो पक्षी. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. महिना झाला नाही तोच मार्चमध्ये रोग आपल्या जळगाव जिल्ह्यात निघाला: चोपड्याचं हातेड, धरणगावचं साळवे, यावलचं मारूळ, रावेरचं सावदा. इथे शेडच्या रांगा नव्हत्या. इथे अंगणात फिरणाऱ्या, उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्या होत्या, आणि पथकं घरोघर जाऊन त्या गोळा करत होती. गावरान कोंबडी ही बहुतेक घरी बाईची कमाई असते. अंडी विकून वही-पेन, औषध, जत्रेची बांगडी. ती एका दुपारी पोत्यात गेली.

विषाणू रानपक्ष्यांकडून येतो, हे खरं. पण एकाच रक्ताचे, एकाच वयाचे हजारो पक्षी एका छपराखाली कोंबले की ठिणगीला वणवा व्हायला वेळ लागत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात तेच सगळं पुन्हा घडलं. पुन्हा लाखोंनी पक्षी पुरले. त्या वर्षीचा सरकारी भरपाईचा दर: अंड्यावरची मोठी कोंबडी 90 रुपये, मोठा ब्रॉयलर 70, पिल्लू 20, अंडं 3. जिवाची किंमत असा शब्द आपण उगाच वापरतो. ती छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

शेडवाला शेतकरी आमचा शत्रू नाही. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याचं गणित ऐका. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, राबणं आणि बँकेचं कर्ज शेतकऱ्याचं. त्याला किलोमागे वाढवणीचे काही रुपये मिळतात, आणि पुढची बॅच कधी टाकायची हे तो ठरवत नाही. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो ही अफवा उठली, तेव्हा भाव मातीमोल झाले आणि लोकांनी पक्षी फुकट वाटले. पक्ष्याला पिंजरा दिसतो. शेतकऱ्याचा पिंजरा सातबाऱ्यावर असतो.

औषधांचाही हिशेब आपल्याच घरात येतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2014 साली दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, त्यांतल्या 40 टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. माणसाला दुसरं काहीच लागू पडेना तेव्हा डॉक्टर कोलिस्टिन देतात. ते कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. केंद्र सरकारने त्यावर 2019 च्या जुलैत बंदी घातली. म्हणजे तोपर्यंत राजरोस चालू होतं.

कायदा नाही असं समजू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 म्हणतं की ज्यात जनावराला पुरेसं हलता येत नाही अशा पिंजऱ्यात ते ठेवणं हा गुन्हा आहे. केंद्राच्या विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात कोंबड्यांचे हे पिंजरे बंद करा असं सांगितलं. युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्याकडे अंडी त्याच तारेवरून घरंगळत येतात. आणि 2001 चे कत्तलखान्याचे नियम सांगतात की एका जनावरासमोर दुसरं कापू नये. आपल्या रस्त्यांवरच्या कोणत्याही चिकनच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा आणि जाळीतल्या कोंबड्यांचं तोंड कोणीकडे आहे ते पाहा.

आता तुमचं बोलणं आम्हाला ऐकू येतं. 'भो, मटण परवडतं का? गरिबाने ताकद आणायची कुठून?' प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळीबाज उत्तर नाही. ब्रॉयलर स्वस्त आहे, कारण त्याची खरी किंमत पक्षी भरतो, शेडवाला भरतो आणि पुढे रोग आला तर साळव्याची बाई भरते. पण गटारीच्या रांगेत उभे राहणारे आपण काही कुपोषित नाही. आठवड्यातून तीनदा चिकन हे आपल्या आज्यांच्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. खान्देशाचं काळ्या मसाल्याचं मटण नावाजलं गेलं ते सणावाराला, पाहुणा आला तर होत असे म्हणून. बाकीचे दिवस कळण्याच्या भाकरीवर आणि भरितावर निघत, आणि माणसं केळीच्या बागांत दिवसभर राबत. आपल्याकडचा मका आणि बाहेरचं सोयाबीन कोंबडीच्या पोटातून फिरवून आणलं तरच ताकद येते, हे कोणत्या वैद्याने सांगितलं?

'सगळं जगच असं खातं,' हेही ऐकलं. जग अजून बरंच काही करतं.

तर आमचं मागणं. या गटारीला ब्रॉयलर आणू नका. खायचंच असेल तर ज्याच्या अंगणात कोंबड्या फिरतात त्याच्याकडून एक गावरान घ्या, तो मागेल तो भाव द्या, आणि मग महिनाभर नाव काढू नका. अंडी घेताना दुकानदाराला विचारा, पिंजऱ्यातली की मोकळी? त्याला माहीत नसेल. दहा जणांनी विचारलं तर तो माहिती काढेल. दूधवाल्याला रेडकाचं काय करतोस ते विचारा, उत्तर नाही आवडलं तरी ऐकून घ्या. महापालिकेला आम्ही अर्ज देतो आहोत: जिवंत पक्ष्यांसमोर कापणं बंद करा, पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्यांची मोटारसायकलवरची वाहतूक थांबवा. सही करायला माळकरीही चालतील आणि खाटीकही. खाटीक बंधूंनी तर जरूर यावं. या धंद्यात रोज डोळ्यांनी पाहणारे तेच आहेत.

एक राहिलं. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचं राज्य सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात ठरवलं, आणि त्यासाठीचा वेगळा पैसा 2025 च्या जानेवारीत थांबवला. ज्या घरात दुसरं काही नाही त्या पोराच्या त्या एका अंड्याविरुद्ध आमच्या या कागदात एक अक्षरही नाही. कोणी हे पत्रक दाखवून ते अंडं काढायला आला, तर त्याला आधी आमच्याकडे पाठवा.

— काही पिंप्राळेकर