पाण्याची पारख

अतिथी दारी आला की त्याच्यापुढे प्रथम गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवावा, ही आपल्या गोमंतकाची जुनी रीत. त्या तांब्यातील पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र यजमानही विचारीत नाही आणि अतिथीही विचारीत नाही. पाणी निवळशंख दिसले की ते शुद्ध आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. पाण्याच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष किती दुर्बळ असते, याचा धडा आज एका हौसेच्या वस्तूपासून घेण्यासारखा आहे. ती वस्तू म्हणजे घरातील सागरी मत्स्यालय.

काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात रंगीत सागरी मासे पाळण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. छंद मोहक खरा, परंतु तो निष्काळजी माणसाला क्षमा करीत नाही. माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून अमोनिया निर्माण होतो. तो पाण्यात डोळ्यांना दिसत नाही, पाणी आरशासारखे स्वच्छ राहते आणि मासे मात्र एकामागून एक तडफडून मरतात. नव्या पेटीत उपकारक सूक्ष्म जंतूंची वाढ होऊन ते अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करू लागेपर्यंत बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ धीर धरायचा की नाही, हे मालकाच्या उत्साहाने नव्हे, तर परीक्षा-संचातील रंगाने ठरवावयाचे असते.

मग हे संच कोणते घ्यावेत? दुकानांत खारटपणा, पीएच, अल्कता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी संचांची लांबलचक रांग मांडलेली असते आणि नवशिक्या ती पाहून गोंधळून जातो. येथे प्रथम कायदा ध्यानात घ्यावा. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची सतत मोजणी मुख्यतः प्रवाळांसाठी लागते, कारण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियमच्या क्षारांपासून बांधतो. परंतु खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुरगावसमोरील ग्रँड बेटापाशी निसर्गाने आपल्याला प्रवाळांचे जे वैभव दिले आहे, ते समुद्रातच शोभते. ते दिवाणखान्यात आणणे हा गुन्हा आहे. जेथे प्रवाळ नाही, तेथे त्याच्यासाठी महाग संच घेण्याचे प्रयोजनही उरत नाही. अशा घराला खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि अल्कता एवढ्या परीक्षा पुरेत.

संच निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो कोणत्या पाण्यासाठी आहे. गोड्या व खाऱ्या पाण्यासाठी रंगांचे तक्ते पुष्कळदा निरनिराळे असतात. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला तर उत्तर चुकते. दुसरी, त्यावरील मुदतीची तारीख. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली द्रव्ये लवकर बिघडतात आणि बिघडलेला संच खोटे अभय देतो. तिसरी, आकडा कोणत्या भाषेत बोलतो. काही संच पूर्ण नायट्रेट मोजतात, तर काही केवळ त्यातील नायट्रोजन. एकच पाणी पहिल्या पद्धतीने ४५ आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे १० दाखवील. ही गोष्ट न वाचता जो आकडा पाहून निश्चिंत होईल, त्याने पैसे खर्चून अज्ञानच विकत घेतले असे म्हणावे लागेल.

कागदी पट्ट्या स्वस्त व सोयीच्या असतात, परंतु त्या स्थूल अंदाज देतात. थेंब मोजून करावयाची परीक्षा थोडी सावकाश होते, पण अधिक विश्वासार्ह असते आणि तिच्यात हाताला शिस्त लागते. खारटपणासाठी तरंगता काटा चालतो. प्रकाशाच्या वक्रीभवनावर चालणारे यंत्र अधिक बरे. मात्र यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते. ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ विरघळविले की त्याचे वक्रीभवन ३५ खारटपणाच्या समुद्रजलाइतके होते. त्या द्रावणात यंत्राने ३५ दाखविले, तरच पुढे त्याच्यावर विश्वास टाकावा.

आकड्यांचा हा आग्रह आपल्या भूमीला परका नाही. आगरवाड्याच्या मिठागरांत पाणी केव्हा कोणत्या कोंडीत सोडावे, खाजन शेतीत मानशीचे दार केव्हा उघडावे व केव्हा लावावे, हे ज्ञान पेडण्याच्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जोपासले. खाऱ्याची व गोड्याची सीमा ऋतूप्रमाणे सरकते, हे त्यांना ठाऊक होते. आषाढात तेरेखोल आणि शापोरा नद्या पुराचे पाणी समुद्रात ओततात. त्या वेळी केरीच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर भरलेल्या घागरीत उघड्या समुद्राचा खारटपणा शोधू नये. तेच पाणी न मोजता मत्स्यालयात ओतणे म्हणजे माशांना मरणाच्या दारी नेऊन सोडणे होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माशांसाठी आठवड्याला पाणी तपासणारे घर स्वतःची विहीर वर्षातून एकदाही तपासीत नाही, हा विरोधाभास मला सर्वांत अधिक खटकतो. नळ घरोघर आले. २०२२ साली सर्व ग्रामीण घरांना नळजोडणी असलेले पहिले प्रमाणित राज्य हा मान गोव्याला मिळाला. तरीही विहिरी बुजलेल्या नाहीत. नळ कोरडा पडला की सर्वांचे पाय तिकडेच वळतात. या विहिरींपुढील संकटे सर्वत्र सारखी नाहीत. किनाऱ्यालगत अतिउपसा झाला की समुद्राचे पाणी भूगर्भातून आत शिरते. तेथे क्लोराइड मोजावे. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. शौचालयाची टाकी जवळ असेल तेथे नायट्रेट मोजावे. त्याची मर्यादा ४५, आणि ती ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक. डिचोलीच्या खनिजपट्ट्यात गढूळपणा व लोह पाहावे. जांभ्या दगडातील पाणी पुष्कळदा किंचित आम्ल असते, म्हणून पीएचही पाहावा. जंतूंसाठी १९८२ साली मांजा, मौर्य व राव या भारतीय शास्त्रज्ञांनी एक साधी बाटली-परीक्षा सुचविली: पाणी भरून ठेवलेली बाटली काळी पडली, तर ते विष्ठेने दूषित झाल्याचा संशय घ्यावा.

कोणी म्हणेल, सरकारी प्रयोगशाळा असताना मुलांनी हा खटाटोप का करावा? प्रयोगशाळेचे स्थान संच घेऊ शकत नाही, हे मान्यच आहे. परंतु आजारी माणसाला वैद्याकडे केव्हा न्यावे हे घरच्यांनाच आधी कळावे लागते. प्रयोगशाळा एका दिवसाचे पाणी पाहते. गावात राहणारा विद्यार्थी बारा महिन्यांचे पाहू शकतो.

याचे मोल डिचोलीकरांना निराळे सांगावयास नको. खोल खाणींमुळे विहिरी आटल्याची शिरगावकरांची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही पुन्हा सुरू झाल्या. खाणी असाव्यात की नसाव्यात, यावर घरोघर मतभेद आहेत. परंतु पूर्वी विहिरीला पाणी किती होते व कसे होते, याची तारीखवार वही किती घरांत सापडेल? जेथे नोंद नसते, तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते, आणि गरिबाचा आवाज क्वचितच मोठा असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पेडणे व डिचोली तालुक्यांतील प्रत्येक विद्यालयाने विज्ञानकक्षात एक कपाट पाण्याच्या संचांसाठी राखावे. संच थोडे असावेत, पण मुदतीतले असावेत. विद्यार्थ्यांनी शाळेच्या व आपापल्या घरच्या विहिरीचे पाणी वर्षातून निदान दोनदा, वैशाखात आणि पावसाळा सरल्यावर, तपासावे आणि आकडा, तारीख व संचाचे नाव वहीत लिहावे. आकडा मनाजोगता आला नाही म्हणून तो खोडू नये. सत्यनिष्ठेचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही.

मत्स्यालय ही हौस आहे. ती कोणाला परवडेल, कोणाला परवडणार नाही. विहीर मात्र सर्वांची आहे. काचेतल्या माशांसाठी जी दक्षता आपण शिकलो, ती आईच्या घागरीपर्यंत पोहोचली, तरच त्या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.