कुलपातली एफपीजीए

मागच्या रविवारी माळा आवरताना थर्ड इयरचं जर्नल सापडलं. त्यात प्रयोग क्रमांक सहा : 'एफपीजीए किटवर चार बिटांचा काउंटर'. आकृती, निष्कर्ष, सरांची सही, सगळं जागच्या जागी. फक्त ते किट मी कधी हातात घेतलेलंच नाही! ते कपाटात, कुलपात. आम्ही पीसीवर सिम्युलेशन चालवायचं, वेव्हफॉर्मचा प्रिंटआउट काढायचा, जर्नलला चिकटवायचा. झाला प्रयोग.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या चिपमधलं सर्किट कारखान्यातच कायमचं ठरतं. एफपीजीएमध्ये मात्र छोट्या छोट्या तक्त्यांचं जाळं असतं. एका तक्त्याला चार इनपुट, म्हणजे १६ शक्यता. प्रत्येक शक्यतेचं उत्तर ० की १ ते १६ बिटांच्या मेमरीत लिहून ठेवायचं. आज अँड गेट लिहिलं, उद्या पुसून एक्सॉर. तक्त्यांमधल्या जोडण्यासुद्धा अशाच बिटांनी जोडायच्या-तोडायच्या. झायलिंक्सने १९८५ साली आणलेल्या एक्ससी२०६४ मध्ये असे ६४ ब्लॉक होते. त्या काळात एवढे ट्रान्झिस्टर नुसत्या 'सोयी'साठी खर्च करणं उधळपट्टीच वाटायची, पण ट्रान्झिस्टर स्वस्त होत जाणार यावर रॉस फ्रीमन यांनी पैज लावली आणि ते बरोबर ठरले.

आता परीक्षेत 'एफपीजीएचे फायदे लिहा' आलं की आपण काय लिहितो? वेग, पॅरलल प्रोसेसिंग, वगैरे. माझ्या मते खरा फायदा एकच : चुकायची सोय. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीजची पॅल चिप आली. तिच्यामुळे बोर्डावरच्या कितीतरी टीटीएल चिप्स वाचल्या, पण तिच्यातले फ्यूज एकदा जाळले की जाळले. चूक झाली तर चिप कचऱ्यात. कायमच्या छापलेल्या चिपची गोष्ट तर विचारूच नका. १९९४ साली पेंटियमच्या भागाकारातली चूक उघडकीला आली. कारण काय, तर आतल्या एका तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या होत्या. ती निस्तरायला इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. एफपीजीएत तक्ता चुकला तर? नवीन फाइल चढवा, चहा प्या.

अर्थात फुकट काहीच नाही. तेच काम खास त्यासाठी बनवलेल्या चिपपेक्षा एफपीजीए जास्त जागा घेते, जास्त वीज खाते आणि लाखांनी नग काढायचे असतील तर परवडत नाही. पण अशी खास चिप बनवणारेसुद्धा छापायला टाकण्याआधी आपलं डिझाइन अनेकदा एफपीजीएवरच चालवून बघतात.

आणि नेमकी हीच वस्तू आमच्याकडे कुलपात! लॅब असिस्टंट काकांना मी दोष देणार नाही. किट डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेलं, ३.३ व्होल्टच्या पिनला एखाद्या दिवट्याने ५ व्होल्ट दिले की संपलं, आणि मग उत्तरं द्यायची काकांनी. भीती खोटी नव्हती. पण म्हणून चार वर्षांत एकानेही एलईडी पेटवू नये?

नोकरी लागल्यावर (सॉफ्टवेअरमध्ये, अर्थातच) तीनेक वर्षांनी मी हौसेने एक टँग नॅनो ९के बोर्ड मागवला. त्यावर ८,६४० तक्ते! बटण दाबलं की आकडा एकाने वाढावा, एवढंच करायचं होतं. जर्नलमधलाच प्रयोग. सिम्युलेशन चोख. बोर्डावर चढवलं, बटण दाबलं, तर शून्यावरून थेट सात. पुन्हा दाबलं, अकरा. अख्खा शनिवार कोडमध्ये चूक शोधण्यात गेला. कोड बरोबर होता हो! बटणाचा पत्रा दाबताना थरथरतो. आपल्याला एकदा दाबल्यासारखं वाटतं, पण २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला त्यातली प्रत्येक थरथर वेगळी दिसते. शेवटी सिग्नल २० मिलिसेकंद, म्हणजे घड्याळाचे ५,४०,००० टोले, स्थिर राहिला तरच मोजायचं असं लिहिलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सिम्युलेशनमधलं बटण कधीच थरथरत नाही, आणि माझ्या जर्नलवर ए ग्रेड आहे.

आणखी एक कुलूप होतं, कंपन्यांचं. चिपमध्ये भरायच्या फाइलचा फॉरमॅट गुप्त, त्यामुळे सॉफ्टवेअरही त्यांचंच. २०१५ मध्ये प्रोजेक्ट आइसस्टॉर्मवाल्यांनी लॅटिसच्या आइस४० चिपचा फॉरमॅट उलगडून जगापुढे ठेवला. माझ्या बोर्डावरच्या चिपसाठीही आता मुक्त टूल्स आहेत.

त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब आता मला पटत नाही. दोन-चार हजारांचा बोर्ड उपभोग्य वस्तू म्हणून घ्या, ब्रेडबोर्डसारखा. सेकंड इयरलाच पोरांच्या हातात द्या आणि वर्षात दोन-चार जळतील हे धरूनच चाला.

माझा बोर्ड मी मावसभावाला दिलाय. तो सेकंड इयरला आहे. घेताना म्हणाला, "दादा, जळला तर?" म्हटलं, जळू दे. परवा रात्री अकराला फोन : "दादा, एलईडी सगळे उलटे पेटतायत! शून्याला चालू, एकला बंद." मला कारण माहीत होतं. शोध म्हटलं, आणि फोन ठेवला.