कागद दिला नाही ठेकेदाराने, नोकरी जाते पोराची



कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत असो, गोकुळ शिरगाव असो की शिरोली, मुलाखत झाली, पगार ठरला, मेडिकल झाले तरी नोकरी लागली असे हल्ली कोणी छातीठोकपणे सांगत नाही. ‘बीजीव्ही क्लिअर व्हायचंय’ असे उत्तर मिळते. बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, उमेदवाराने सांगितलेल्या मागच्या नोकऱ्या खऱ्या की खोट्या याची तपासणी. बऱ्याच कंपन्या ती स्वतः करत नाहीत. पैसे मोजून बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. ही पद्धत आपल्याकडे आयटीवाल्यांनी रुळवली. नॅसकॉमने २००६ मध्ये त्यासाठी नॅशनल स्किल्स रजिस्ट्रीच सुरू केली होती. आता ही पद्धत फौंड्री आणि मशीन शॉपच्या गेटपर्यंत पोहोचली आहे.

पडताळणीला माझा विरोध नाही. टाइम ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला अनुभवाचे बनावट दाखले नवे नसतात. लेटरहेड छापून घेतले, शिक्का मारला की झाला तीन वर्षांचा अनुभव. वितळलेल्या लोखंडाजवळ अशा माणसाला उभे केले तर त्याच्याबरोबर शेजारच्याचाही जीव जातो. मालकाने चौकशी करायलाच हवी. प्रश्न एवढाच, की चौकशीतून काही निष्पन्न झाले नाही तर त्याचे खापर कोणाच्या माथी फोडायचे?

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे उदाहरण देतो. आयटीआय टर्नर, सीएनसीवर चांगला हात. एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये त्याने काही वर्षे तीनही पाळ्यांत काम केले. गेटपासवर नाव कारखान्याचे, पगार मात्र ठेकेदाराकडून. बायोडेटात त्याने कारखान्याचे नाव लिहिले. कोणीही तेच लिहील, कारण मशीन तिथले, सुपरवायझर तिथला आणि ड्रॉइंगही तिथलेच. एजन्सीने कारखान्याला मेल केला. ‘सदर व्यक्ती आमच्या नोंदीत नाही’ असे उत्तर आले. तेही खोटे नव्हते. हजेरीपटावर तो ठेकेदाराचा माणूस. अहवालात त्याच्या नावापुढे ‘विसंगती’ असा शेरा पडला आणि नव्या कंपनीने ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. तो अहवाल त्याला आजपर्यंत कोणी दाखवलेला नाही.

यात मुलगा खोटे बोलला नाही, कारखाना खोटे बोलला नाही आणि एजन्सीनेही आपले काम केले. तरी शिक्षा झाली, आणि ती कागद तयार करण्यात ज्याचा काडीचा हात नव्हता त्याला. आयटी कंपनी सोडताना रिलीव्हिंग लेटर मिळते, मेल केला की एचआर उत्तर देतो. आपल्याकडे ठेका बदलला की ठेकेदाराचा फोनसुद्धा लागत नाही. एकाच मशीनवर पाच वर्षे काढलेल्या पोराच्या पीएफ पासबुकात दोन-तीन आस्थापना दिसतात. लांबून बघणाऱ्याला वाटते, हा सारखा नोकऱ्या बदलतो!

कायद्यात याची सोय नाही असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत काम संपताना ठेकेदाराने कामगाराला सेवा दाखला द्यावा, असे स्पष्ट लिहिले होते. त्याचा ठरलेला नमुनाही होता. किती ठेकेदारांनी तो आपणहून दिला, हे वसाहतीतल्या कोणत्याही चहाच्या गाड्यावर विचारून बघावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीबाबतच्या संहितेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. कलम ५६ प्रमाणे कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यायचा आहे. पण यातही दोन पळवाटा राहतात. दाखला मागितला तरच मिळणार, आणि ज्याच्या जिवावर उद्याची पाळी मिळते त्याच्याकडे कागद मागायला पोरे कचरतात. दुसरे म्हणजे संहितेतले कंत्राटी कामगारांविषयीचे हे प्रकरण पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होते. वीस-तीस पोरे पुरवणारे ठेकेदार त्यातून सुटतात.

‘आम्ही कुठे कोणाला नाकारतो, अहवाल तसा आला’ हा भरती करणाऱ्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. चौकशीचे काम बाहेर देता येते, निर्णयाची जबाबदारी देता येत नाही. पोलीस पडताळणीत माहिती लपवल्याच्या प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतारसिंग खटल्यात निकाल दिला. लपवलेली बाब किती गंभीर आहे, नोकरी कोणत्या स्वरूपाची आहे, हे बघूनच निर्णय घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. जिथे माहिती खरोखर दडवली तिथेही विचार करायचा. मग ज्याने काहीच दडवले नाही त्याला एका शेऱ्यावर घरी पाठवायचे, हा कुठला न्याय? अमेरिकेत बाहेरच्या संस्थेच्या अहवालावरून उमेदवाराला नाकारायचे असेल, तर आधी त्या अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शहाण्या कंपनीने सक्तीची वाट बघू नये.

मॅक, गोशिमा आणि स्मॅक या आपल्या उद्योजक संघटनांनी सभासद कारखान्यांसाठी चार गोष्टी ठरवून टाकाव्यात.

एक, पडताळणीचा खर्च कंपनीनेच करावा. तो उमेदवाराकडून किंवा पहिल्या पगारातून कापून घेऊ नये. ‘व्हेरिफिकेशन फी’ भरा म्हणणारे भामटे आधीच मोकाट आहेत; खऱ्या कंपन्याही पैसे मागू लागल्या तर पोरांनी खरे-खोटे ओळखायचे कसे?

दोन, ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘माहिती खोटी निघाली’ हे दोन वेगळे शेरे मानावेत. पहिला शेरा आला तर पीएफच्या यूएएनवरची सेवानोंद, पगार जमा झालेले बँक पासबुक आणि जुना गेटपास बघावा.

तीन, नाकारण्यापूर्वी अहवाल उमेदवाराला दाखवून खुलासा करायला आठवडाभर द्यावा.

चार, ठेकेदाराचे शेवटचे बिल पास करताना त्याने सोडून गेलेल्या प्रत्येक कामगाराला दाखला दिला की नाही, हे तपासावे. पीएफचे चलन जोडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, तसेच हेही. ठेकेदार लहान असो वा मोठा, बिल अडले की कागद मिळतो, हा टाइम ऑफिसचा अनुभव आहे.

आणि कसबाची खात्री करायला तर एजन्सी लागतच नाही. मायक्रोमीटर हातात द्यावा, ड्रॉइंग समोर ठेवावे, जॉब सेट करायला सांगावे. तासाभरात कळते. कामगार हवेत पण मिळत नाहीत, अशी तक्रार उद्योजक नेहमी करतात. त्यांनी नाकारलेल्यांच्या यादीतले ‘नोंद सापडली नाही’ वाले अर्ज एकदा पुन्हा काढून बघावेत. त्यांतले किती जण आपल्याच वसाहतीत, आपल्याच ठेकेदारांकडे राबले होते, ते त्यांना दिसेल.

– एक निवृत्त टाइमकीपर, कागल (जि. कोल्हापूर)